आकडे हाताला लागावेत म्हणून: आकडेवारीला वस्तुरूप देण्याची पद्धत

पडद्यावरच्या आलेखातील स्तंभाला आपण जी उंची आणि जो रंग देतो, त्यापलीकडे कोणताही गुण त्याच्याजवळ नसतो. तोच स्तंभ लाकडाचा केला की त्याला वजन येते, पोत येतो, सावली येते, धक्का लागला तर तो पडेल की उभा राहील हा प्रश्न येतो, आणि पाहणाऱ्याच्या हाताला या सगळ्या गोष्टी एकदम जाणवतात. आकडेवारीला वस्तुरूप देण्याचे बळ यातच आहे आणि अडचणही यातच आहे. वस्तू आपण सांगायला लावलेले तर सांगतेच, पण न सांगितलेलेही सांगत राहते. म्हणून या कामातला मोठा भाग काय दाखवावे हे ठरवण्यात जात नाही. वस्तूच्या बाकीच्या गुणांना गप्प कसे बसवावे हे ठरवण्यात जातो. पुढे दिलेली पद्धत याच दृष्टीने मांडली आहे.

ही कल्पना नवी नाही. मेसोपोटेमियात लेखनकला येण्याच्या कितीतरी आधी मोजदादीसाठी मातीच्या लहान लहान आकृत्या वापरल्या जात. इंका साम्राज्यात दोरांच्या गाठींमध्ये हिशेब ठेवले जात. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७४ साली एका पदार्थाचे आकारमान, एंट्रॉपी (उष्णतेशी निगडित एक राशी) आणि ऊर्जा यांचे नाते दाखवणारा पृष्ठभाग घडवला आणि त्याची प्लास्टरची प्रत अमेरिकन शास्त्रज्ञ गिब्ज यांना पाठवली, कारण गिब्ज यांचे समीकरणांतले म्हणणे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. हल्ली या विषयाचा पद्धतशीर अभ्यासही होतो. इव्होन जॅन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्रिमितीय स्तंभालेख पडद्यावर पाहणाऱ्यांपेक्षा तोच आलेख प्रत्यक्ष वस्तू म्हणून हाताळणाऱ्यांना माहिती शोधणे सोपे गेले, आणि स्पर्श करता येणे हे त्याचे एक कारण दिसले. मात्र यावरून कोणतीही वस्तू कोणत्याही आलेखापेक्षा सरस ठरते असा निष्कर्ष काढू नये. नेमका आकडा शोधायचा असेल, आकडे रोज बदलत असतील किंवा नोंदी हजारो असतील, तर साधा छापील तक्ता किंवा द्विमितीय आलेख हेच योग्य साधन होय. वस्तू उपयोगी पडते ती आकडे थोडे असताना, त्यांचे परस्परांशी प्रमाण महत्त्वाचे असताना, आणि माणसांनी त्यांच्याभोवती थांबून बोलावे अशी इच्छा असताना.

आधी प्रश्न, मग साहित्य

बहुतेक जण सुरुवात साहित्यापासून करतात. घरात लोकर पडलेली असते किंवा थ्रीडी प्रिंटर हाताशी असतो, आणि त्यात बसेल अशी आकडेवारी शोधली जाते. हा क्रम उलटा करावा. वस्तू हातात घेणाऱ्याला कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे, ते आधी एका वाक्यात लिहून काढावे. ‘वर्षभरात विजेचा वापर कधी आणि किती पटींनी वाढला?’ हा प्रश्न चालेल. ‘विजेच्या वापराविषयी’ हा नुसता विषय झाला, प्रश्न नव्हे. एका वस्तूने एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. दोन प्रश्नांची उत्तरे एकाच वस्तूत कोंबली की पाहणारा दोन्ही चुकवतो, असे मला वाटते. निदान पहिल्या प्रयत्नात तरी हा मोह टाळावा.

प्रश्न ठरला की आकडे स्वच्छ करून घ्यावेत: एकक सगळीकडे एकच आहे का, कालावधी सारखे आहेत का, कुठे नोंद राहून गेली आहे का. पडद्यावरची चूक एका क्षणात सुधारते. कापलेले लाकूड पुन्हा लांब होत नाही. म्हणून आकड्यांचा अंतिम तक्ता कागदावर उतरवून, तपासून आणि तारीख घालून ठेवल्याशिवाय साहित्याला हात लावू नये.

कोणत्या गुणाने आकडा सांगावा

लांबी, संख्या, क्षेत्रफळ, घनफळ, वजन, पोत, रंग, स्थान यांपैकी कोणता गुण आकडा वाहून नेणार, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. हे सगळे गुण माणसाला सारख्या अचूकतेने कळत नाहीत. संख्याशास्त्रज्ञ क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ साली दाखवून दिले की एकाच आधाररेषेवरचे स्थान आणि लांबी यांचा अंदाज आपण चांगला करतो, कोनाचा त्याहून कमी अचूक, आणि क्षेत्रफळ व घनफळ यांचा आणखी कमी. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्स यांच्या मोजणीनुसार लांबी जवळजवळ आहे तशीच जाणवते, पण क्षेत्रफळ कमी भासते; दुप्पट क्षेत्रफळाची आकृती डोळ्यांना साधारण १.६ पट वाटते. वजनाचे उलट आहे. उचललेले वजन दुप्पट झाले तर ते दुपटीहून बरेच जास्त जड भासते.

घनफळाचा सापळा विशेष लक्षात ठेवावा, कारण वस्तू करायची म्हटले की चेंडू, घन, डबे असे आकार आधी सुचतात. समजा दोन आकड्यांचे प्रमाण २.५ पट आहे. मोठ्या घनाचे घनफळ २.५ पट ठेवले, तर त्याची बाजू फक्त १.३६ पट होते आणि पाहणाऱ्याला फरक किरकोळ वाटतो. उलट बाजूच २.५ पट केली, तर घनफळ १५ पटींहून अधिक होते, आणि घन भरीव असेल तर हातात घेणाऱ्याला १५ पटींचेच वजन लागते. म्हणजे डोळा एक प्रमाण सांगतो आणि हात दुसरेच. म्हणून जाडी आणि रुंदी सगळीकडे तंतोतंत सारखी ठेवून फक्त लांबी बदलावी. असे केले की लांबी, घनफळ आणि वजन ही तिन्ही एकाच प्रमाणात वाढतात, आणि हात व डोळा यांची साक्ष एक येते. दांड्या, नळ्या, पट्ट्या, एकावर एक रचलेले सारखे ठोकळे यांना या कामात प्राधान्य मिळते, त्याचे कारण हेच आहे.

वजनाने आकडा सांगण्याची कल्पना मोहक आहे आणि काही विषयांत ती फार परिणामकारक ठरते, परंतु तिची जबाबदारीही मोठी आहे. वजनातले बारीक फरक हाताला कळत नाहीत. म्हणून लगतच्या दोन वस्तूंमध्ये निदान चौथ्या हिश्श्याचा तरी फरक ठेवावा आणि एकूण पाच-सहांपेक्षा जास्त पायऱ्या करू नयेत. सगळी भांडी एकाच आकाराची, एकाच मापाची आणि आतले न दिसणारी असावीत. सारख्याच वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान वस्तू हाताला अधिक जड वाटते, हा भ्रम शार्पांतिए यांनी १८९१ मध्येच नोंदवला आहे, आणि तो माहीत असूनही टळत नाही. आत वाळू भरली तर ती वर काठोकाठ दाबून बसवावी किंवा उरलेल्या जागेत कापूस भरावा. नाहीतर हलवल्यावर होणारा आवाज हाही एक आकडा आहे असे लोक समजतात.

पोत वापरायचा असेल तर बोटांची मर्यादा ओळखावी. बोटाच्या टोकाला दोन बिंदू वेगळे जाणवण्यासाठी त्यांच्यात साधारण २ ते ३ मिलिमीटर अंतर लागते. ब्रेलमधील बिंदूंची अंतरेही याच मापाच्या आसपास, म्हणजे सुमारे २.५ मिलिमीटर असतात. त्याहून दाट रेघा ‘खरखरीत’ एवढेच सांगतात, मोजता येत नाहीत. पोताने गट दाखवावेत, प्रमाण दाखवू नये. रंगाचेही तेच. रंग मुळात दृष्टीचा गुण असल्यामुळे तो हाताला काहीच सांगत नाही, आणि उंच दांडी लाल रंगवली तर एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते, तीही ओरडून. सगळ्या दांड्या एकाच रंगाच्या ठेवणे हा चांगला नियम आहे.

दांड्यांचा आलेख: एक पूर्ण उदाहरण

समजा, एका घराचा बारा महिन्यांचा वीजवापर युनिटमध्ये असा आहे: ११८, १०४, १३२, १८७, २४०, २२१, १६४, १४९, १४१, १३६, ११०, ९६. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रमाण ठरवताना सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यापासून सुरुवात करावी. १ युनिट म्हणजे १ मिलिमीटर धरले, तर सर्वांत उंच दांडी २४० मिलिमीटर आणि सर्वांत बुटकी ९६ मिलिमीटर होईल. ही वस्तू टेबलावर मावते, दोन्ही हातांत उचलता येते आणि सर्वांत बुटकी दांडीही चिमटीत धरण्याजोगी राहते. शिवाय प्रमाण डोक्यात धरायला सोपे आहे. ‘१ मिलिमीटर म्हणजे १.३७ युनिट’ असले प्रमाण जागा कितीही नेमकी भरत असले तरी घेऊ नये.

दांड्या १२ मिलिमीटर व्यासाच्या गोल घ्याव्यात, कारण गोल छिद्र साध्या ड्रिलने पाडता येते. चौकोनी खाच करायला कसब लागते. दोन दांड्यांमध्ये १२ मिलिमीटर मोकळी जागा सोडली, तर बारा दांड्या आणि अकरा फटी मिळून २७६ मिलिमीटर होतात. दोन्ही टोकांना २२ मिलिमीटर सोडले की ३२० मिलिमीटर लांबीची बैठक पुरते. बैठकीची जाडी ३५ मिलिमीटर ठेवावी आणि छिद्रे २० मिलिमीटर खोल पाडावीत. फटी याहून अरुंद केल्या तर बोट आत जात नाही, आणि बोट गेले नाही तर दांडीची उंची मुळापासून चाचपता येत नाही.

आता हमखास होणारी चूक. दांडीचा २० मिलिमीटर भाग छिद्रात जाणार आहे, तेवढी लांबी प्रत्येक दांडीत वाढवून घ्यावी लागते. ती विसरली तर २४०ची दांडी बैठकीच्या वर २२० दिसते आणि ९६ची ७६. खरे प्रमाण २.५ पट असताना पाहणाऱ्याला जवळजवळ २.९ पट दिसते. सगळ्या दांड्या सारख्याच आखूड झाल्या म्हणजे प्रमाण तेच राहील, हा समज फसवा आहे. सारखी वजाबाकी प्रमाण बिघडवतेच. वजनाच्या बाटल्यांतही हीच चूक वेगळ्या रूपात येते. रिकामी बाटली ३० ग्रॅमची असताना तिच्यात १०० आणि २०० ग्रॅम वाळू भरली, तर हातात १३० आणि २३० ग्रॅम येतात, म्हणजे दुप्पट नव्हे तर सुमारे १.८ पट. तेथे बाटली धरून एकूण वजन १०० आणि २०० व्हावे अशी वाळू भरावी. थ्रीडी प्रिंटरवर केलेल्या नमुन्यातला जाड तळ आणि ठोकळ्यांच्या मनोऱ्याखालचे सजावटीचे पीठ यांचाही असाच हिशेब करावा लागतो. शून्य म्हणजे खरोखर शून्य असले पाहिजे, आणि ते कुठे आहे हे बोटाला कळले पाहिजे.

लाकूड किती लागेल याचा हिशेब असा: बारा आकड्यांची बेरीज १७९८ मिलिमीटर, छिद्रांत जाणारा भाग २४० मिलिमीटर, आणि करवतीच्या प्रत्येक कापात भुसा होऊन जाणारे सुमारे २ मिलिमीटर धरून बारा कापांचे २४, एकूण २०६२ मिलिमीटर. एखादा तुकडा वाया जाईल हे गृहीत धरून अडीच मीटर घ्यावे, आणि शक्यतो एकाच खेपेचे घ्यावे, म्हणजे व्यास आणि रंग सारखे मिळतात. सगळ्या खुणा आधी करून मग कापत सुटू नये, कारण प्रत्येक काप पुढच्या तुकड्यातून आपली जाडी खाऊन जातो. एक खूण, एक काप, मग तुकड्याच्या बुंध्यावर पेन्सिलीने महिन्याचा क्रमांक, आणि नंतर पुढची खूण. सर्वांत लांब दांडी आधी कापावी. चुकलीच तर ती लहान दांडीसाठी वापरता येते.

ड्रिलच्या पात्यावर २० मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळावी, पण हे माप पात्याच्या टोकापासून न घेता टोकाचा शंकू जिथे संपून पूर्ण व्यास सुरू होतो तिथून घ्यावे, कारण दांडीचा सपाट तळ त्याच कडेवर टेकतो. दांडी घट्ट जात असेल तर बुंध्याचा २० मिलिमीटर भागच पॉलिश पेपरने घासावा. वरची टोके सपाटच ठेवावीत. गोलाई दिली की उंची नेमकी कुठे संपते ते बोटाला कळत नाही. गोंद एवढ्यात लावू नये. सगळ्या दांड्या कोरड्या बसवून, पोलादी पट्टीने बैठकीच्या पृष्ठभागापासून प्रत्येकीची उंची मोजून तक्त्याशी ताडून पाहावी. १ मिलिमीटरचा फरक म्हणजे १ युनिट, तेवढा चालतो. त्याहून जास्त असेल तर छिद्रात अडकलेला भुसा काढावा.

खरे तर गोंद लावूच नये, असे माझे मत आहे. फ्रेंच नकाशातज्ज्ञ झाक बेर्तँ १९६०च्या दशकात आकडेवारीचे तक्ते सुट्या तुकड्यांतून मांडत, म्हणजे ओळी आणि स्तंभ हातांनी सरकवून, जागा बदलून, सारखे सारख्याशेजारी आणता येत असे. दांड्या सुट्या असतील तर त्या महिन्यांच्या क्रमाने लावून ऋतुमान पाहता येते आणि त्याच दांड्या उंचीच्या क्रमाने लावून वेगळाच प्रश्न विचारता येतो. बुंध्यावरच्या क्रमांकांमुळे त्या पुन्हा जागेवर आणणे अवघड जात नाही. ओळींमागे ओळी लावून त्रिमितीय मांडणी करायची असेल तर हा सुटेपणा अधिकच गरजेचा असतो, कारण मागच्या बुटक्या दांड्या पुढच्या उंच दांड्यांआड लपतात.

शून्य, उणे आणि नोंद नसलेले आकडे

एखाद्या महिन्याचा वापर शून्य असेल आणि दुसऱ्या एखाद्या महिन्याची नोंदच नसेल, तर दोन्ही ठिकाणी रिकामे छिद्र ठेवणे ही खोटी साक्ष झाली. शून्यासाठी बैठकीच्या पातळीत बसणारी बूच मारावी, म्हणजे बोट फिरवल्यावर तिथे काहीतरी आहे पण त्याला उंची नाही हे कळते. नोंद नसेल तिथे छिद्र उघडे ठेवावे. इंकांच्या गाठींच्या दोरांत, म्हणजे किपूंत, हा प्रश्न फार विचारपूर्वक सोडवलेला दिसतो. लेलँड लॉक यांनी १९१२ साली उलगडून दाखवले त्याप्रमाणे त्या दशमान पद्धतीच्या नोंदी होत्या. मुख्य दोरापासून जितके दूर जावे तितके स्थान लहान, आणि ज्या स्थानी शून्य असेल तिथे गाठ न मारता जागा मोकळी सोडलेली. एकक स्थानाच्या गाठी दशक-शतकाच्या गाठींहून वेगळ्या प्रकारच्या असत, त्यामुळे संख्या कुठे संपते हे बोटांनाही समजत असे.

उणे आकड्यांसाठी बैठक उचलून धरावी लागते. दोन आधारांवर आडवी फळी ठेवून अधिक आकडे वर आणि उणे आकडे खाली लोंबते ठेवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. हीच रचना आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. आकडे मोठे पण फरक लहान असतील, उदाहरणार्थ ९६,०००पासून ९८,०००पर्यंत, तर सगळ्या दांड्या सारख्याच दिसतात, आणि मग खालचा भाग छाटून टाकण्याचा मोह होतो. कागदावरच्या आलेखात अक्ष तोडल्याची खूण तरी करता येते. लाकडाच्या दांडीला तशी खूण नसते आणि हात तिला पूर्णच समजतो. अशा वेळी सरासरी ही फळी मानून तिच्यापासूनचे फरक वर-खाली दाखवावेत.

मणी, लोकर आणि थर

मोजता येणारी सारखी एकके वापरली तर प्रमाणाचा प्रश्न बराच सोपा होतो. एक मणी म्हणजे ४ युनिट धरले, तर २४० युनिटांचे ६० मणी आणि ९६ युनिटांचे २४ मणी होतात. माणसाला एका नजरेत तीन-चार वस्तूच न मोजता कळतात, म्हणून दर दहाव्या मण्याचा आकार किंवा पोत बदलावा. नुसता रंग बदलला तर डोळे मिटून मोजणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. ४ने भाग न जाणाऱ्या आकड्यांचे काय करायचे ते आधी ठरवावे आणि सगळीकडे तोच नियम पाळावा. मृत्यू, विस्थापन, आजार अशा आकडेवारीत एक मणी म्हणजे एक माणूस हे प्रमाण शक्य असेल तर तेच ठेवावे. तिथे दहाला एक असे प्रमाण घेणे हिशेबाला सोयीचे असते, पण ओवणाऱ्याच्या आणि मोजणाऱ्याच्या हातून जो वेळ जातो तो या आकडेवारीच्या अर्थाचाच भाग असतो.

विणकाम हे काळाच्या क्रमाने येणाऱ्या आकडेवारीसाठी उत्तम माध्यम आहे, कारण विणकाम स्वतःच क्रमाने पुढे जाते आणि मागे जाऊन बदल करणे कठीण असते. हवामानशास्त्रज्ञ एली हायवुड यांनी २०१७ मध्ये जागतिक तापमानवाढीचे आकडे रंगांच्या पट्ट्यांनी क्रोशाच्या चादरीत विणले. एड हॉकिन्स यांच्या २०१८मधल्या प्रसिद्ध तापमान-पट्ट्यांना त्या चादरीवरून कल्पना मिळाली. म्हणजे येथे वस्तू आधी आली आणि पडद्यावरचे चित्र नंतर. रोज एक ओळ अशा हिशेबाने विणायचे असेल तर आधी लहान नमुना विणून दहा ओळींची उंची मोजावी. एक ओळ ५ मिलिमीटर भरत असेल तर ३६५ ओळींचे १.८ मीटरहून थोडे अधिक होते. तीच लोकर जाड घेतली तर कापड माणसाच्या उंचीच्या पार पुढे जाईल. कोणत्या तापमानाला कोणता रंग, हे गट पहिल्या ओळीच्या आधीच मागच्या काही वर्षांच्या आकड्यांवरून ठरवावेत, आणि दोन्ही टोकांना एकेक जादा रंग राखून ठेवावा. कधी न आलेला उच्चांक येऊ शकतो.

एखादी राशी दोन गोष्टींवर अवलंबून असेल तर पृष्ठभाग करावा लागतो. घरगुती साधनांत त्याची सोपी रीत म्हणजे सारख्या जाडीच्या पुठ्ठ्याचे थर, प्रत्येक थर एका समोच्च रेषेवर कापलेला. ३ मिलिमीटर पुठ्ठ्याचे वीस थर ६० मिलिमीटर उंची देतात आणि तेवढ्यात बोटाला उतार, खळगा, शिखर स्पष्ट लागते. पेनिसिलिनच्या रेणूची रचना शोधताना डोरोथी हॉजकिन यांनी इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या समोच्च रेषा पारदर्शक पर्स्पेक्सच्या तावांवर काढून ते ताव एकावर एक रचले होते. आतले दिसणे आवश्यक असेल तर पुठ्ठ्याऐवजी पारदर्शक ताव घ्यावेत, असा धडा त्यातून घेता येतो. थरांच्या पायऱ्या मातीने बुजवून गुळगुळीत करू नयेत. पायरी ही मोजपट्टी असते, ती बोटाला मोजता आली पाहिजे.

हलणाऱ्या वस्तू

आकडे सतत बदलत असतील तर वस्तूला मोटर लागते. इथे महत्त्वाकांक्षा आवरावी. एमआयटीमध्ये २०१३ साली दाखवलेल्या ‘इनफॉर्म’ या यंत्रात ३० गुणिले ३० म्हणजे ९०० खुंट्या स्वतंत्रपणे वर-खाली होत असत. घरच्या टेबलावर एक काटा पुरे. नताली जेरेमिजेंको यांनी १९९५ साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात छताला एक मोटर लावून तिला प्लास्टिकची लांब दोरी लटकवली होती. संगणकांच्या जाळ्यात वाहतूक वाढली की दोरी गरगर फिरे, वाहतूक मंद असली की अधूनमधून थरथरे. कुणी मुद्दाम तिच्याकडे पाहत नसे, आणि तरीही जाळ्यावर ताण आला की सर्वांना कळे. सतत बदलणाऱ्या आकड्यासाठी हे ध्येय योग्य आहे: नेमका आकडा नको, स्थितीची जाणीव हवी. ज्या आकडेवारीत साठा आणि प्रवाह आहेत, तिथे पाणीही वापरता येते. बिल फिलिप्स यांनी १९४९ साली एका देशाच्या अर्थव्यवस्थेतील पैशाचा प्रवाह नळ्यांतून वाहणाऱ्या रंगीत पाण्याने दाखवला होता. परंतु गळती, शेवाळ आणि हवेचे बुडबुडे यांच्याशी झगडण्याची तयारी असेल तरच त्या वाटेला जावे.

साध्या काट्यासाठी आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी छोटी चिप, आणि एक सर्वो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर, घ्यावी. सर्वोचा फेरा साधारण १८० अंशांचा असतो; त्यातले पहिले २० अंश ‘माहिती उपलब्ध नाही’ यासाठी राखून उरलेल्या भागात प्रमाण बसवावे. माहितीचा स्रोत तुटला की काटा त्या राखीव भागात जावा अशी सूचना प्रोग्रॅममध्ये असलीच पाहिजे. वीजच गेली तर मात्र काटा असेल तिथेच थिजतो आणि जुना आकडा नवा म्हणून दाखवत राहतो. म्हणून यंत्र चालू असेपर्यंतच उजळणारा छोटा दिवा काट्याच्या बुडाशी ठेवावा. दर सेकंदाला काटा हलवू नये. सर्वोचा कुरकुर आवाज लवकरच नकोसा होतो आणि पाच-दहा मिनिटांची सरासरी बहुतेक विषयांना पुरते.

तपासणी आणि वाचनाच्या खुणा

अंतिम साहित्याला हात लावण्यापूर्वी पुठ्ठ्याचा कच्चा नमुना करून तो विषय माहीत नसलेल्या माणसाच्या हातात द्यावा. काहीही समजावून न सांगता तीन गोष्टी विचाराव्यात: सर्वांत मोठा कोणता, तो सर्वांत लहानाच्या किती पट आहे, आणि या वस्तूत आणखी काय सांगितले आहे असे वाटते. पहिल्या प्रश्नाला सहसा सगळे बरोबर उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नाचे अंदाज खऱ्या प्रमाणापेक्षा सतत एकाच बाजूला झुकत असतील, तर शून्याची जागा किंवा निवडलेला गुण चुकला आहे असे समजावे. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. ‘ही दांडी गडद आहे, म्हणजे हा महिना वाईट असावा’, ‘इथे फट मोठी आहे, म्हणजे मध्ये काही गेले असावे’ अशी उत्तरे आली की कोणते गुण अजून गप्प बसलेले नाहीत ते कळते. लाकडाचा रंग आणि फटीची रुंदी यांसारख्या किरकोळ गोष्टी तेवढ्यासाठी सारख्या कराव्या लागतात. त्यानंतर हीच तपासणी डोळे मिटून करायला सांगावी. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी वस्तू करायची असेल तर ही चाचणी त्यांच्यासोबतच घ्यावी, कारण डोळे मिटलेल्या माणसाचा हात आणि सरावलेला हात यांत फार अंतर असते.

प्रमाण, एकक, कालावधी आणि आकडे कुठून घेतले, या चार गोष्टी वस्तूवरच लिहाव्यात. सोबत दिलेला कागद हरवतो. बैठकीच्या तळाला कोरणे किंवा ठसा उमटवणे उत्तम. शिवाय ‘एवढी लांबी म्हणजे १०० युनिट’ असा एक सुटा, वेगळ्या लाकडाचा तुकडा सोबत ठेवावा. लोक तो उचलून दांड्यांशेजारी धरतात आणि मोजू लागतात. आकडे एखाद्या व्यक्तीच्या झोपेचे, आजाराचे किंवा खर्चाचे असतील, तर ही वस्तू कपाटावर ठेवल्यानंतर येणारा-जाणारा प्रत्येक जण ती वाचू शकतो याचाही विचार आधी करावा; पडदा बंद करता येतो, वस्तू करता येत नाही. अशा वेळी प्रमाणाचा तुकडा वेगळा ठेवणे आणि तळावरच्या मजकुरातून नाव वगळणे एवढ्यानेही बरेचसे भागते.

पुढच्या वर्षीचे आकडे याच बैठकीवर मांडायचे असतील, तर उरलेली दांडी फेकून न देता बैठकीसोबतच गुंडाळून ठेवावी, कारण वर्षभराने तोच व्यास आणि तीच छटा मिळेल याची खात्री नसते, आणि दोन वर्षांच्या दांड्या शेजारी ठेवल्यावर त्यांच्यात उंचीखेरीज दुसरा फरक दिसता कामा नये.